सम बांधी

सर्वांना एकाच मापाने मोजले म्हणजे न्याय झाला, असे आपण सहज धरून चालतो. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, कादंबऱ्या लिहिणारा शाळामास्तर. पण या समजुतीची परीक्षा मला नीतीच्या ग्रंथांपेक्षा गणितातच अधिक स्वच्छ दिसली.

त्रिकोणमितीतली ‘साइन’ म्हणजे आपली जुनी ज्या. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये तिच्या कोष्टकासाठी २४ आकडे दिले. पुढे चौदाव्या शतकात केरळच्या माधवाने तिची अनंत श्रेणी शोधली. रेडियनमधला कोन घ्यावा, त्यातून त्याच्या घनाचा सहावा भाग वजा करावा, पाचव्या घाताचा एकशेविसावा भाग मिळवावा, असे पुढे पुढे जावे. संगणकावर आज हे एकेका कोनासाठी वेगळे करीत बसत नाहीत. हजार कोनांची रांग मांडून एकाच हुकुमाने सर्वांवर तीच क्रिया करतात. याला व्हेक्टरीकरण म्हणतात. आमच्या गोंदिया जिल्ह्यात धानाची रोवणी अशीच चालते. बायका रांगेने पुढे वाकतात आणि पाहता पाहता बांधी हिरवी होते.

आता या रांगेला तीनच पदांवर थांबवा. ३० अंशांची ज्या ०.५००००२ येते; खरी ०.५. वाहवा! पण १८० अंशांची खरी ज्या शून्य असताना तीच तीन पदे ०.५२४ सांगतात. हुकूम एक, पदे तितकीच, पक्षपात कोणाचाच नाही. तरी एकाच्या पदरी सत्य आणि दुसऱ्याच्या पदरी असत्य!

मग जाणता गणिती काय करतो? तो आधी कोन दुमडतो. ९० अंशांपुढचा कोन १८० मधून वजा केला तरी ज्या तीच राहते. म्हणजे १८० चा कोन शून्यावर येतो आणि त्याचे उत्तर अचूक निघते. सर्वांत दूरचा उरतो तो ९० चा. त्यालाही १ ऐवजी १.००४५ मिळतात.

वर्गात आम्हीही रांगच मांडतो. ज्याच्या घरी गोंडी किंवा पोवारी बोलतात, ते पोर पुस्तकी मराठीपासून दूर उभे असते. त्यालाही तोच धडा, तितकीच मिनिटे, तीच प्रश्नपत्रिका. आणि वर ‘मी सर्वांना सारखेच शिकवले’ हा अभिमान! त्याच्या बोलीतून धडा आधी त्याच्याजवळ नेला, तर मग परीक्षा खुशाल एकच असू द्या.

कोणी म्हणेल, ही सवलत झाली. पण कोन दुमडल्याने ज्या बदलत नाही, नियमही सैल होत नाही. शेतकरी रोवणीआधी चिखल करून बांधी सम करतो, नाहीतर खोलगट कोपऱ्यातली रोपे पाण्यात बुडतात. त्या कोपऱ्यावर त्याने मेहेरबानी केली, असे गावात कोणी म्हणत नाही. रोवणीचाच तो भाग समजतात.