डाळ-भात आणि जकात

शेजारी देशांचे नेते भेटले की संयुक्त पत्रकात ‘दारिद्र्य निर्मूलन’ हमखास असतं. खाली वाचत गेलं तर बंदरं, महामार्ग, वीजवाहिन्या आणि ट्रकांचे परवाने. रस्ता झाला की गरिबी हटणार, हे धरूनच चाललेलं. मला ही चलाखी वाटते, आणि ती आजची नाही.

दक्षिण आशियाई देशांच्या ‘सार्क’ या संघटनेची जन्मकथा सर्वांना पाठ आहे : बांगलादेशचे अध्यक्ष झिया उर रहमान यांची कल्पना, मग १९८५ची ढाका परिषद. मरणकथाही ठरलेली : २०१६, उरीचा हल्ला, इस्लामाबादची बारगळलेली परिषद, एकूण काय तर भारत-पाकिस्तान. गरिबीपुरतं बोलायचं तर ही तारीख चुकीची आहे. गरिबीविरुद्धचं सहकार्य १९९३ मध्येच संपलं, तेही सह्या-शिक्क्यांनिशी.

‘सार्क’च्या १९९१च्या कोलंबो परिषदेने गरिबीवर स्वतंत्र आयोग नेमला. अध्यक्ष होते नेपाळचे माजी पंतप्रधान कृष्णप्रसाद भट्टराई. गरीब म्हणजे मदतीसाठी रांगेत उभा लाभार्थी नव्हे, तो संघटित होतो, बचत करतो, त्याच्यापासून सुरुवात करा, असं या आयोगाचं म्हणणं. ते हवेतलं नव्हतं. बांगलादेशात ग्रामीण बँक आणि अहमदाबादेत ‘सेवा’ ही कष्टकरी स्त्रियांची संघटना तेव्हा जोमात होत्या. बाबरी पाडल्यानंतर लांबलेली ढाका परिषद अखेर एप्रिल १९९३ मध्ये भरली. तिच्या जाहीरनाम्यात चक्क ‘डाळ-भात’ हा शब्द आहे. राजनैतिक मसुद्यात तो कुणी टिकू दिला, याचं मला अजून अप्रूप वाटतं. गरिबी हटवायची मुदतही होती : २००२.

त्याच परिषदेत सवलतीच्या व्यापाराचा ‘साप्टा’ करारही झाला. अभ्यासक याला पुढचं पाऊल म्हणतात. मला तिथे वाटणी दिसते. गरिबी ज्याने त्याने आपल्या घरी हटवावी, सीमा ओलांडायची ती फक्त मालाने. जकातीसाठी वाटाघाटींच्या फेऱ्या झाल्या, याद्या झाल्या, २००६ मध्ये मुक्त व्यापाराचा ‘साफ्टा’ लागू झाला. डाळ-भातासाठी असं टेबल कुणी मांडलं नाही. सामाईक अन्नसाठ्याचा करार आधीपासून होता, पण धान्य ज्याच्या त्याच्या गोदामात.

या वाटणीचा परिणाम आपल्या नाशिकने पाहिला आहे. २९ सप्टेंबर २०१९ रोजी भारताने कांदा निर्यात बंद केली. लासलगावात शेतकरी भाव पडला म्हणून रस्त्यावर आला. ढाक्यात नोव्हेंबरपर्यंत कांदा किलोला दोनशे टाक्यांवर गेला. बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत हसत म्हणाल्या, स्वयंपाक्याला कांद्याशिवाय रांधायला सांगितलंय. आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं, असंही त्या म्हणाल्या. मुक्त व्यापाराचा करार तेव्हा लागूच होता. जकात किती, हे त्यात होतं. पलीकडच्या ताटाचं काय, हे विचारायची सक्ती कुणावर नव्हती.

गरिबाच्या ताटापासून सुरुवात करणारा व्यापारही आहे, पण छोटा : मेघालयात कालाईचरला २०११ पासून बांगलादेशच्या सीमेवर हाट भरू लागला. पाच किलोमीटरच्या आतल्या दोन्हीकडच्या गावकऱ्यांसाठी : भाजी, फळं, घरगुती वस्तू, जकात नाही. एका माणसाने दिवसाला किती खरेदी करावी, यावर मात्र मर्यादा. सुरुवातीला पन्नास डॉलर. बंदरांवर अशी मर्यादा घातल्याचं ऐकिवात नाही.