न येणाऱ्या सभासदाचे पैसे

सिडकोने नवी मुंबईतल्या खारघरचे सेक्टर आखले तेव्हा शाळा, मैदान, बाजार यांचे भूखंड नकाशावर राखून ठेवले. जिमसाठी कोणी काही राखले नव्हते. तिने आपली जागा आपणच हुडकली. सोसायटीच्या पहिल्या मजल्यावरचा व्यापारी गाळा, खाली मेडिकल नाहीतर इस्टेट एजंट, वर काचेआड ट्रेडमिलची रांग. लोकलमधून उतरलेला नोकरदार आणि बेलपाडा, मुर्बी, कोपरा या गावांतला आगरी तरुण इथे एकाच बेंचपाशी उभे राहतात. पहिल्याला डॉक्टरांनी साखरेचा आकडा दाखवून धाडलेले असते, दुसऱ्याला छाती आणि दंड कमवायचे असतात. सेंट्रल पार्कातल्या फेऱ्या फुकट असूनही दोघे पैसे मोजतात, ते कोणीतरी नीट शिकवील म्हणून.

नेमके तेच पदरात पडत नाही. कारण शोधताना आपण लगेच ट्रेनरच्या प्रमाणपत्राकडे बोट दाखवतो. माझे बोट वर्गणीच्या पावतीकडे आहे.

वर्गणी बहुतेक ठिकाणी वर्षाची आणि आगाऊ. महिन्याचा दर मुद्दाम इतका चढा ठेवायचा, की बारा महिन्यांचे पैसे एकदम भरणाऱ्याला आपण फायद्यात राहिलो असे वाटावे. दिवाळीचा फराळ अंगावर दिसू लागला की एक लाट येते, जानेवारीच्या संकल्पांची दुसरी. मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा, मग लग्ने, मग पाऊस, मशिनी मोकळ्या. सगळे सभासद एका संध्याकाळी उगवले तर जिन्यावरही उभे राहायला जागा मिळणार नाही, हे मालकाला पक्के ठाऊक असते. त्याची मिळकत न येणाऱ्यांवर उभी आहे. मग आलेल्याला शिकवण्यापेक्षा नवा गाठण्याला महत्त्व येणारच.

एका जिममध्ये पाहिलेले सांगतो. पन्नाशीचे एक गृहस्थ डेडलिफ्ट मारत होते. पाठ धनुष्यासारखी वाकलेली, बार पायापासून वीतभर लांब, श्वास कोंडलेला. त्या स्थितीत सारा भार कमरेच्या मणक्यांवर जातो. बार नडगीला लगटून आणि पाठ सरळ ठेवून उचलला तर तोच भार मांड्या आणि नितंब घेतात. दोन वाक्यांचे काम. ट्रेनर दहा पावलांवर काउंटरपाशी उभा होता. हातात नावांची यादी, कानाला फोन. "सर, ऑफर उद्यापर्यंतच आहे." मुलगा आळशी नव्हता की अडाणी नव्हता. पगार तुटपुंजा, वर पर्सनल ट्रेनिंग खपवले तर कमिशन आणि महिन्याचे टार्गेट. जे फुकट सांगायचे ते तो पर्सनल ट्रेनिंग घेणाऱ्यासाठी राखून ठेवतो, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते.

प्रमाणपत्रांची तर आज कमी नाही. केंद्राच्या कौशल्य आराखड्यात फिटनेस ट्रेनरचा अभ्यासक्रम आहे, खासगी अकादम्या आहेत, अमेरिकन संस्थांच्या परीक्षा इथे बसून देता येतात. शिवाय महाराष्ट्राला हा विषय नवा थोडाच आहे? अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 चे. 1936 मध्ये त्यांच्या पथकाने बर्लिनला भारतीय व्यायामप्रकार करून दाखवले. पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ आणि लोणावळ्याचे कैवल्यधाम, दोन्ही 1924 ची. शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेली मुले या परंपरेतून आजही बाहेर पडतात आणि शाळेत पीटीचे सर होतात. जिमवाल्याला त्यांच्या शरीरशास्त्राच्या अभ्यासाचा उपयोग नाही, त्याला दंड दाखवणारा आणि पॅकेज खपवणारा हवा असतो. कायद्याचीही आडकाठी नाही. औषधे देणाऱ्या फार्मासिस्टला कौन्सिलची नोंदणी लागते. हृदयविकाराच्या माणसाला पळवणाऱ्या ट्रेनरसाठी अशी कोणतीही नोंदवही देशात नाही.

साध्या गोष्टीही राहून जातात. छातीत दुखते का, चक्कर येते का, रक्तदाबाची गोळी चालू आहे का, असे मोजके सात प्रश्न विचारणारी कॅनडातली जुनी प्रश्नावली जगभर वापरतात. ती भरून घ्यायला पाच मिनिटे लागतात. आपल्याकडच्या फॉर्मवर मोबाइल नंबरसाठी दोन रकाने असतात. ही पोकळी भलतेच लोक भरतात. भूल दिल्यावर घसरलेला रक्तदाब सावरण्यासाठीचे मेफेंटरमाइनचे इंजेक्शन व्यायामाला 'पंप' म्हणून टोचून घेणारी पोरे याच राज्यात आहेत. त्याने स्नायू वाढत नाहीत, हृदय तेवढे उधळते.

मालकाचीही बाजू आहे. भाडे, डिपॉझिट, मशिनींचे हप्ते, दिवसभर चालणारे एसी. मार्च 2020 मध्ये लागलेली कुलपे राज्यात उघडली ती दसऱ्याला, 25 ऑक्टोबरला. तेवढे महिने भाडे थांबले नव्हते. सप्टेंबर 2025 पासून जिमवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 वर आला, पण भाड्यावर आणि मशिनींवर भरलेल्या कराची वजावट गेली. आगाऊ वर्गणी हेच त्याचे बिनव्याजी भांडवल. प्रश्न एवढाच, की हे कर्ज देणाऱ्या सभासदाला आपण कर्ज देतोय हे माहीत नसते.

ते बुडू शकते, आणि त्याला मोठे नावही अपवाद नाही. मुंबईत 1932 साली सुरू झालेले तळवलकर हे मराठी माणसाने उभे केलेले या धंद्यातले सर्वांत मोठे नाव. 2010 मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली, 2019 मध्ये रोख्यांवरचे व्याज थकले आणि प्रकरण दिवाळखोरीपर्यंत गेले. अशा वेळी आधी तारण घेतलेली बँक उभी राहते. वर्षाची पावती घेतलेला सभासद रांगेच्या शेवटी.

चीनने हे आपल्याहून मोठ्या प्रमाणावर भोगले. तिथे शहरोशहरी क्लब निघाले, अनेक वर्षांची कार्डे विकली गेली आणि एके सकाळी शटर बंद करून मालक पसार, हे नेहमीचे झाले. तेव्हा शांघाय आणि बीजिंग या शहरांनी 2021 मध्ये नमुना करार आणला. सेवा वापरली नसेल आणि सात दिवसांत मन बदलले तर पैसे परत. ट्रेनरची परीक्षा कडक करण्याआधी त्यांनी पैशाला हात घातला, हे मला शहाणपणाचे वाटते. महिन्याच्या महिन्याला वर्गणी येणार असेल तर सभासद टिकवावा लागतो, आणि टिकवायचा तर शिकवावे लागते. मग चांगला ट्रेनर मालक स्वतःच शोधील.

तोवर करण्यासारखे एक आहे. या दिवाळीत ऑफर कितीही गोड असो, एका महिन्याचीच वर्गणी भरा. वर्षाची भरणारच असाल तर परताव्याची अट पावतीवर लिहून घ्या आणि पावती जपा. पैसे अडकलेच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. ग्राहक आयोगाकडे तक्रार ऑनलाइन करता येते आणि मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर तिला फी नाही.