पाझर नितळ हवा

पाठ सैल सोडून बसा. मनाने पैठणला जा. गोदावरीवरचे जायकवाडी धरण सुमारे दहा किलोमीटर लांब, आणि बहुतेक मातीचे. एका अंगाला त्याचा जलाशय नाथसागर, दुसऱ्या अंगाला कोरडी जमीन. मधली माती थोडा वेळ नुसती पाहा.

आता जलाशयातला एक थेंब निवडा. मातीच्या धरणात तो पिचिंगच्या, म्हणजे उतारावर रचलेल्या, दगडांमधून आत शिरतो, बाहेरच्या भरड थरातून सहज सरकतो आणि चिकणमातीच्या गाभ्याशी अडतो. भरड वाळूत दिवसाला कित्येक मीटर जाणारे पाणी इथे वर्षाला जेमतेम काही सेंटिमीटर सरकते. तुम्हीही तितकेच सावकाश चला.

थेंबाला ढकलते कोण? दोन्हीकडच्या पातळ्यांमधला फरक. फ्रान्समधल्या दिजों शहराचे अभियंते हेन्री डार्सी यांनी वाळू भरलेल्या नळातून पाणी सोडून मोजले आणि 1856 साली नियम मांडला: फरक दुप्पट, तर प्रवाह दुप्पट, वाट दुप्पट, तर प्रवाह निम्मा. वाट लांबली की पाण्याचा जोर वाटेतच जिरतो.

आता मातीच्या एका कणापाशी थांबा. जाता जाता पाणी त्याला ओढते. बाहेर पडण्याच्या जागी ही ओढ अनावर झाली, तर कण सुटतो. त्याच्या मागचा कण उघडा पडतो, तोही सुटतो. पोकळी अशी उलटी, धरणाच्या पोटात शिरत जाते. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात 5 जून 1976 रोजी टीटन धरणातून सकाळी गढूळ पाणी येऊ लागले; दुपारचे बारा वाजायच्या आत धरण फुटले.

म्हणून गाभ्यामागे वाळूची गाळणी घालतात. तिचे कण मोजूनमापून निवडलेले: पाणी जावे, माती अडावी. पाझर पूर्ण थांबवण्याचा हट्ट इथे कुणी धरत नाही. त्याला वाट करून देतात. तुमचा थेंब त्या वाटेने पायथ्याच्या चरात उतरला आहे. तिथे व्ही आकाराच्या खाचेवरून पडणाऱ्या पाण्याची उंची पाहून पाझर मोजतात.

त्या पाण्याकडे नीट पाहा. जलाशय चढला, तर पाझरही वाढणारच. त्याने घाबरून जायचे कारण नाही. पण जलाशयाची पातळी तीच असून पाझर वाढला, किंवा नितळ पाण्याला मातीचा रंग आला, तर मनन तिथेच सोडा आणि वरच्या साहेबांना उठवा, मध्यरात्र असली तरी.