होमरला माफ करणारे आपण कोण?

'द सिम्पसन्स' बघताना आपण होमरला किती वेळा माफ करतो, हे कधी मोजलंय? तो अणुऊर्जा केंद्रात सुरक्षा निरीक्षक आहे आणि ड्युटीवर झोपतो. चिडला की पोराचा गळा धरतो. बायकोच्या वाढदिवसाला बोलिंगचा बॉल आणतो, त्यावर नाव मात्र स्वतःचं कोरून घेतो. तरीही तो आपल्याला आवडतो.

याचं एक कारण मालिकेच्या रचनेत आहे. सॉफ्टवेअरमध्ये 'स्टेटलेस' सर्व्हर असतो. आधी काय झालं ते त्याच्या लक्षात राहत नाही, प्रत्येक रिक्वेस्ट त्याला नवीन. १९८९ पासून चालू असलेलं हे स्प्रिंगफील्ड बरंचसं तसंच आहे. बार्ट अजून दहाचा, लिसा आठची. आज घराची वाट लागली तरी पुढच्या एपिसोडमध्ये सगळं जागच्या जागी. नुकसानच उरत नसेल, तर माफ करायला आपलं काय जातंय?

१९९७ च्या 'होमर्स एनिमी' या भागात मात्र लेखकांनी या गावात हिशोब ठेवणारा एक माणूस आणून सोडला. फ्रँक ग्राइम्स. लहानपणीच आईबापांनी टाकलेला, स्फोटात जखमी झालेला, पत्राद्वारे अणुभौतिकीची पदवी मिळवलेला. राहायला दोन बोलिंग ॲलींच्या मधल्या मजल्यावर. त्याला होमरचा कामचुकारपणा दिसतो आणि होमरचं भलंमोठं घरही दिसतं. हे कसं काय, असा साधा प्रश्न तो विचारतो. उत्तर कुणीच देत नाही. शेवटी संतापाच्या भरात होमरची नक्कल करत तो उघड्या हातांनी हाय व्होल्टेजच्या वायरी धरतो आणि मरतो. त्याच्या अंत्यविधीत होमर झोपेत बरळतो. सगळे हसतात. आपणही हसतो.

ग्राइम्स चुकला कुठे? मला तरी त्याच्या हिशोबात चूक सापडत नाही.

आता मार्जकडे बघा. बोलिंग बॉलचा तो भाग १९९० चा. ती रागाने स्वतःच बोलिंग शिकायला जाते. तिथला शिक्षक जाक तिच्यावर भाळतो, तीही त्याच्याकडे ओढली जाते. एके दिवशी गाडी घेऊन निघते, तेव्हा एक रस्ता जाककडे जात असतो आणि दुसरा होमरच्या प्लांटकडे. ती होमरकडे जाते. बॉलवरचं नाव ती विसरलेली नसते. सगळं लक्षात असूनही ती वळते, म्हणून त्याला माफी म्हणायचं. आणि ती द्यायचा हक्क तिचा आहे, कारण नुकसान तिचं झालंय.

ग्राइम्सच्या वेळी उलटं घडतं. किंमत एकाने मोजली आणि माफ केलं गावाने. स्वतःचं काही न गमावलेल्यांनी दिलेल्या त्या सुटीला मी माफी म्हणणार नाही. दुसऱ्याच्या खिशातून केलेला तो दानधर्म आहे.

कार्टूनमध्ये हे चालतं. पण "तो तसाच आहे, मनाने मात्र चांगला आहे," हे वाक्य आपल्या घरात आणि ऑफिसातही चालतं. पुढच्या वेळी ते ऐकलं, तर बोलणारा कोण आहे तेवढं बघा. रात्री जागून त्या 'चांगल्या माणसा'चं राहिलेलं काम उरकणारी व्यक्ती हे वाक्य म्हणत असेल, तर तो तिचा निर्णय. बाकीच्यांनी जरा गप्प बसावं.