गुरुजींच्या वेळेची वाटणी

शाळेविषयी बोलताना आपण बहुधा इमारतीविषयी, अभ्यासक्रमाविषयी किंवा परीक्षेच्या निकालाविषयी बोलतो. वर्गात जो एकच शिक्षक असतो, त्याच्या वेळेवर कोणत्या मुलाचा किती हक्क, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तो शिक्षकाने आपल्या सोयीप्रमाणे सोडवावा, त्यात तत्त्वविचार तो कसला, असे वाचकांपैकी कित्येकांस वाटेल. तथापि न्याय म्हणजे काय हा जो पुरातन प्रश्न, तो प्राथमिक शाळेच्या एका खोलीत दर सोमवारी नव्याने उभा राहतो, आणि तेथे त्याचा निकाल तत्काळ द्यावा लागतो. म्हणून त्याचा थोडा विचार येथे करण्याचे योजिले आहे.

पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर नागोठणे मागे पडले की रोह्याच्या अलीकडे निडी हे लहानसे स्थानक लागते. पेण व रोहे या तालुक्यांचा हा पट्टा भातशेतीचा. डोंगरांच्या कडेने ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. येथील अमुक एक शाळा आमच्या डोळ्यांपुढे आहे असे नव्हे. या पट्ट्यातील कोणतीही दोन शिक्षकांची शाळा वाचकांनी कल्पनेने समोर आणावी. सोमवारी सकाळी परिपाठ होतो: राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुविचार, गोष्ट. मग पहिली-दुसरी एका खोलीत आणि तिसरी, चौथी, पाचवी दुसऱ्या खोलीत बसतात. एका इयत्तेस वाचन चालू असता दुसरी गणिते सोडवीत असते आणि तिसरी शुद्धलेखन लिहीत असते. दुपारी खिचडी शिजते. आठवड्यात कधी चित्रे होतात, कधी बिया व पाने गोळा करणे होते, कधी बांधावर जाऊन लावणी पाहणे होते. शनिवारी सकाळची शाळा, कवायत आणि खेळ. असा हा आठवडा संपतो.

आता थोडे गणित करून पाहू. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीपर्यंत वर्षास २०० दिवस व ८०० तास अध्यापन झाले पाहिजे, आणि ६० पर्यंत मुले असल्यास २ शिक्षक असले पाहिजेत. म्हणजे दिवसाचे तास ४, मिनिटे २४०. शिक्षकाकडे ३ इयत्ता असल्या तर प्रत्येकीच्या वाट्यास ८० मिनिटे आली. उरलेल्या १६० मिनिटांत ती इयत्ता आपल्या आपण बसावयाची. आणि मुले ३० धरली तर एकेका मुलाच्या वाट्यास दिवसाची ८ मिनिटे येतात. शनिवार अर्धा धरल्यास आठवड्याचा पाऊण तासही पुरता भरत नाही. एवढ्या अल्प धनाची वाटणी न्यायाने कशी करावी, हा आमचा प्रश्न.

पहिले उत्तर अगदी सरळ आहे: सर्वांस सारखे द्यावे. शिक्षकावर पक्षपाताचा आरोप येऊ नये यासाठी हे उत्तर बरे. पण त्याने समता साधते काय? याच पेण तालुक्यातील गागोदे गावी १८९५ मध्ये विनोबा भावे जन्मले. आजोबा व आई यांच्या संस्कारांत वाढलेल्या त्या मुलास घर हीच पहिली शाळा होती. ज्याच्या घरी पुस्तक आहे, विचारलेल्या शब्दाचा अर्थ सांगणारे माणूस आहे, त्याच्या ८ मिनिटांस संध्याकाळी आणखी पुष्कळ मिनिटे येऊन मिळतात. दुसऱ्या मुलाची पाटी संध्याकाळी दप्तरात जाते ती दुसऱ्या दिवशी सकाळीच बाहेर निघते. त्याची ८ मिनिटे तेवढीच राहतात. सारखे दिले, आणि अंतर होते तसेच राहिले, किंबहुना वाढले.

दुसरे उत्तर असे की, जेथे पीक चांगले येईल तेथे पाणी द्यावे. हुशार मुलावर मेहनत घ्यावी, तो शिष्यवृत्ती मिळवील, शाळेचे नाव होईल. हे उत्तर कोणी उघडपणे देत नाही, पण व्यवहारात तेच पुष्कळदा चालते, आणि आम्हां मध्यमवर्गीय पालकांस ते मनातून आवडते. कारण तो हुशार मुलगा बहुधा आपलाच असतो. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे जे निवेदन ठेविले, त्यात नेमक्या याच वृत्तीवर बोट ठेविले होते. सरकारचा महसूल रयतेच्या श्रमांतून येतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांस होतो, हे त्यांचे गाऱ्हाणे होते; प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यांची मागणी होती. पैशाविषयी त्यांनी जे म्हटले ते शिक्षकाच्या मिनिटांस तंतोतंत लागू पडते.

राहिले तिसरे उत्तर: ज्यास गरज अधिक त्यास अधिक द्यावे. आमचा कल याच उत्तराकडे आहे. परंतु त्यातील अडचण झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. दिवाळीनंतर पुष्कळ कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामास जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. त्यांच्याबरोबर गेलेला मुलगा आषाढात पुन्हा वर्गात येऊन बसतो, तेव्हा गेल्या वर्षीची अक्षरे त्यास अनोळखी झालेली असतात. त्यास आठवड्याचा पाऊण तास काय पुरणार? गरजेप्रमाणे द्यावयाचे म्हटले तर शिक्षकाचा सगळा दिवस त्यास दिला तरी तो थोडाच. मग उरलेल्या २९ मुलांनी काय करावे? पुस्तक तिसऱ्यांदा वाचून कंटाळलेली चौथीतील मुलगी हीही एक मूलच आहे. तिला आज घरी आधार आहे म्हणून तिचा शाळेवरील हक्क बुडाला, असे म्हणणे हा दुसऱ्या प्रकारचा अन्याय होईल.

या पेचातून वाट काढताना आम्हांस एक भेद उपयोगी वाटतो. शाळेत मिळणाऱ्या गोष्टी दोन जातींच्या आहेत. वाचताना अडखळणाऱ्या मुलाजवळ बसून ऐकणे, चुकलेले अक्षर हात धरून गिरविणे, या गोष्टी वाटल्या की कमी होतात. एकास दिलेले मिनिट दुसऱ्यास मिळत नाही. उलट गोष्ट, गाणे, परिपाठ, बांधावरची फेरी, बियांचा संग्रह या वाटल्याने कमी होत नाहीत. ३० मुलांनी ऐकलेली गोष्ट प्रत्येकास सबंधच मिळते. पहिलीच्या मुलास आणि पाचवीच्या मुलास ती आपापल्या परीने कळते. एवढेच नव्हे, तर बांधावर गेल्यावर वर्गात मागे पडणारा वाडीवरचा मुलगा कधी पुढे होतो. कोणता कंद केव्हा निघतो, खेकडा कोठे सापडतो, हे तोच इतरांस सांगतो. २०२४ मध्ये महाराष्ट्रात ‘आनंददायी शनिवार’ सुरू झाला, तेव्हा अशा उपक्रमांत अभ्यास बुडतो अशी शंका कित्येक पालकांच्या मनात आली असेल. आमचे म्हणणे इतकेच की, जेथे शिक्षक दोन आणि इयत्ता पाच आहेत, तेथे हे उपक्रम केवळ करमणूक नव्हेत. अपुऱ्या धनाच्या घरात सर्वांस पोटभर मिळणारे तेवढेच एक पक्वान्न आहे.

मुलांनी मुलांस शिकविणे हा दुसरा मार्ग. आमच्या जुन्या शाळांत तो होताच. मद्रासेच्या अनाथालयात अँड्र्यू बेल याने तो चालविला आणि १७९७ मध्ये त्याविषयी पुस्तक लिहून विलायतेत त्याचा प्रसार केला. चौथीतील त्या मुलीने भट्टीवरून आलेल्या मुलास बेरीज समजावून सांगितली तर तिची स्वतःची समज पक्की होते, हे खरे. पण येथे सावधगिरी हवी. तिला रोज तेच काम लावून शिक्षकाने आपला भार हलका केला, तर ती विद्यार्थिनी न राहता बिनपगारी मदतनीस होईल. शिकविल्याने तिची स्वतःची वाढ होत आहे तोपर्यंतच हा मार्ग न्याय्य.

इतके करूनही वाटणीचा प्रश्न पुरता सुटत नाही. गोष्ट ऐकून वाचावयास येत नाही, त्यासाठी कोणी तरी जवळ बसलेच पाहिजे. म्हणून आमचे मत असे आहे: प्रथम प्रत्येक मुलाचा एक किमान वाटा असावा, आणि तो गरीब-श्रीमंत, हुशार-मंद असा भेद न करता पाळला जावा. आठवडाभरात ज्याचे वाचन शिक्षकाने एकदाही स्वतः ऐकले नाही, असे एकही मूल राहू नये. या किमान वाट्यानंतर जो वेळ उरेल तो गरजेप्रमाणे द्यावा. आठवडा हे माप आम्ही जाणून बुजून घेतो. दिवस फार लहान. एका दिवशी एकाकडे दुर्लक्ष झाले तर ते उद्या भरून काढता येते. वर्ष फार मोठे. वर्षाच्या शेवटी हिशेब करू म्हटले, तर ज्याचे देणे लागतो तो मुलगा भट्टीवर गेलेला असतो.

यात आपणां वाचकांचा संबंध काय, असे कोणी विचारील. शिक्षकास शाळेबाहेरच्या कामांस लावू नये असे तोच कायदा सांगतो. जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका यांपुरता अपवाद ठेवितो. ही कामे आवश्यक आहेत याविषयी वाद नाही. परंतु अशा प्रत्येक कामी जो तास जातो तो कोणाचा जातो, हे आपण पाहत नाही. ज्यास घरी शिकविणारे माणूस आहे त्याचा तो फारसा जात नाही. ज्यास शाळेतील गुरुजींवाचून किंवा बाईंवाचून दुसरा शिक्षकच नाही, त्याचा तो सर्वस्वी जातो. आणि तक्रार करावयास त्याचे आईबाप गावात नसतात. तेव्हा ती आपण केली पाहिजे. आपल्या मुलाकडे शिक्षक पुरेसे पाहत नाहीत, असे गाऱ्हाणे घेऊन शाळेच्या पायरीवर जाण्यापूर्वी त्या खोलीत आणखी कोण बसले आहे, एवढे तरी एकवार विचारून पाहावे.