गणित आणि साक्ष

आपण मांडलेला हिशेब आणि डोळ्यांनी पाहिलेली वस्तू यांचा मेळ बसेना, तर दोष कोणास द्यावा? प्रश्न तर्कशास्त्राचा वाटतो. आम्हांस तो नीतीचाही वाटतो. खगोलशास्त्रातील अलीकडच्या घडामोडींनी तो पुन्हा समोर आणला आहे.

विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे मानले जाते. आरंभीच्या दीर्घिका कशा घडल्या असतील, हे शास्त्रज्ञ संगणकावर विश्वाची प्रतिकृती रचून पाहतात. कृष्ण पदार्थ आणि वायू किती, हे ठरवून त्यांना गुरुत्वाकर्षणाच्या नियमांच्या स्वाधीन करायचे आणि पुढे काय होते ते पाहायचे. परंतु विश्वाचा मोठा भाग मांडताना एकेक तारा घडवणे संगणकाच्याही आवाक्याबाहेरचे असते. म्हणून वायूपासून तारे किती वेगाने बनतात, याचे नियम माणसालाच गृहीत धरावे लागतात. २०२२ साली जेम्स वेब दुर्बीण काम करू लागली, तेव्हा बहुतेक गणितांच्या अपेक्षेपेक्षा अधिक तेजस्वी दीर्घिका त्या आदिकाळात दिसू लागल्या. २०२४ साली जाहीर झालेली एक दीर्घिका तर विश्वाचे वय ३० कोटी वर्षांच्या आसपास असतानाची आहे.

पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन व योगेश वाडदेकर यांनी याच दुर्बिणीच्या निरीक्षणांतून २०२५ साली ‘अलकनंदा’ ही दीर्घिका जगासमोर आणली. विश्व सुमारे १५० कोटी वर्षांचे असताना ती दोन सुडौल सर्पिल बाहूंसह उभी होती. तिचा व्यास सुमारे ३० हजार प्रकाशवर्षे. इतकी शिस्त इतक्या लवकर येईल, अशी अपेक्षा नव्हती.

अशा वेळी दोन उतावळी उत्तरे तयार असतात. एक म्हणते, दुर्बीण चुकली. दुसरे म्हणते, महास्फोटाचा सिद्धांतच कोसळला. संशोधकांनी तिसरा, कष्टाचा मार्ग धरला. आधी साक्षीची उलटतपासणी केली. दूरच्या दीर्घिकेचा प्रकाश विश्वाच्या प्रसरणामुळे ताणला जाऊन अवरक्तात उतरतो. परंतु जवळची, धुळीने झाकलेली दीर्घिकाही केवळ रंगावरून तशीच भासू शकते. सीईईआरएस-९३३१६ ही दीर्घिका विश्वाच्या पहिल्या २५ कोटी वर्षांतली असावी, असा कयास होता. २०२३ साली वर्णपट घेतला, तेव्हा ती विश्वाच्या सुमारे १२० कोटी वर्षांच्या वयाची निघाली. इतर अनेक साक्षी मात्र वर्णपटाच्या कसोटीवर टिकल्या. तेव्हा तपासणी गणिताकडे वळली: तारे अधिक वेगाने, उसळ्या घेत जन्मत होते काय? धूळ कमी होती काय? मूळ नियम न सोडता गृहीतके एकेक करून तपासली जात आहेत.

येथे कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांचे (१९३८–२०२५) स्मरण अपरिहार्य आहे. महास्फोटाच्या सिद्धांतावर त्यांनी आयुष्यभर शंका घेतली आणि १९९३ साली फ्रेड हॉईल व जेफ्री बर्बिज यांच्यासह पर्यायी मांडणी केली. बहुसंख्य शास्त्रज्ञांना ती पटली नाही. तथापि निरीक्षणाने तपासता येईल अशा रूपात मतभेद मांडणे, हीच प्रामाणिक विरोधाची रीत होय.

महसूल खात्यात पिकाचा नजरअंदाज आणि पीककापणी प्रयोगातील प्रत्यक्ष वजन यांत अंतर पडते, हे आम्ही जाणतो. वजन अंदाजाला जुळवून घेण्याचा मोह तेथे सदैव असतो; आणि जुळवलेल्या आकड्याची किंमत शेतकरी मोजतो.

नवनगर-धारवाडच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घराण्यांनाही हा प्रश्न परका नाही. पूर्वज कोणाबरोबर आले, इनाम कोणी दिले, याच्या कथा आपण मुलांना सांगतो. एखादा मोडी कागद त्या कथेच्या विरुद्ध बोलू लागला, की कागद पेटीच्या तळाशी जातो. वस्तुतः तो कागदही तपासावा: अक्षर कोणत्या काळाचे, शिक्का खरा की नक्कल. आणि तो टिकला, तर कथा बदलावी. पूर्वजांचा मान त्याने घटत नाही. कथेवर आपले प्रेम असते, म्हणूनच तिला साक्षीसमोर उभे करण्याचे कर्तव्य आपल्यावर अधिक येते. परक्याच्या कथेची चिकित्सा करायला कोणालाच धैर्य लागत नाही.