धोकटी आणि खुर्ची

कराडजवळच्या एका गावात आबांनी उभा जन्म हजामतीत काढला. काखेत धोकटी, तिच्यात वस्तरा, कात्री, नराणी, चामोटी, हातआरसा आणि तुरटीचा खडा. ठरलेल्या घरांची वर्षभर सेवा करायची आणि सुगीला खळ्यावर धान्य घ्यायचं, असं त्यांचं बलुतं. बाळाचं जावळ, नवरदेवाची दाढी, दहाव्याचं क्षौर, सगळं त्यांच्याच हातून व्हायचं. कुणाच्या गालावर कुठे तीळ आहे, हेही त्यांना पाठ होतं.

नातू पुण्यात काम शिकला आणि त्यानं गावच्या फाट्यावर सलून काढलं. फिरती खुर्ची, भिंतभर आरसा, ट्रिमर, दरपत्रक. प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं ब्लेड. कारण रक्त लागलेल्या पात्यातून एकाची कावीळ दुसऱ्याला होऊ शकते, हे तो शिकून आला होता.

आबा कोपऱ्यातल्या बाकावर बसून बघत. एके दिवशी म्हणाले, "मघाचा पोरगा दर महिन्याला येतो. कुणाचा आहे, कधी विचारलंस? तुझ्याकडे नुसती डोकी येतात, पोरा. माणूस तुला ठाऊकच नसतो."

"विचारत नाही म्हणून तर तो इथं निर्धास्त बसतो, आबा. तुमच्या वेळी आधी 'कुणाचा' ते बघायचे आणि मग वस्तरा उघडायचे. वेशीबाहेरच्या वस्तीत आपली धोकटी कधी गेली?"

आबा गप्प झाले. अस्पृश्यता पाळणं 1955 च्या कायद्यानं गुन्हा ठरलं, तरी गावात रिवाज पुढे कित्येक वर्षं चालू राहिला होता. वस्तीतली माणसं एकमेकांचे केस कापत.

पुढच्या रविवारी तोच पोरगा दारात आला. "दादा, माझ्या आजोबांना लकवा झालाय. दाढी फार वाढलीय. घरी याल का?"

नातवानं बाकावरची गर्दी पाहिली. "आम्ही घरी जात नाही रे. त्यांना इथं आणता येईल का?"

आबांनी विचारलं, "कुठलं घर?" पोरानं वस्तीचं नाव सांगितलं. आबांना आजोबा लगेच आठवले. शाळेत दोघं एका वर्गात होते. आबा उठले, पण पाय उंबऱ्याशी अडखळले. "बापाच्या वेळेपासून तिकडं आपली पायवाटच नाही," ते पुटपुटले.

आता नातवाला आपलंही उत्तर खटकलं. तो आबांजवळ आला. "आबा, मुंबईची गोष्ट तुम्हीच सांगायचात ना? 1890 साली नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं तिथल्या न्हाव्यांनी विधवांचं केशवपन करायचं नाही असं ठरवलं. नको तिथं वस्तरा चालवायला आपल्या माणसांनी नकार दिला. मग हवा तिथं न्यायला कुणाची परवानगी लागते?"

आबांनी धोकटी काखेत मारली. नातवानं त्यांचा जुना वस्तरा बाजूला काढून ब्लेडचा नवा वस्तरा आणि धुतलेलं कापड आत घातलं. गिऱ्हाइकांना "तासाभरात येतो" असं सांगून तोही निघाला.

वस्तीतल्या घरात आबांनी आजाऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं. कोमट पाण्यानं दाढी भिजवून मऊ होऊ दिली. नातू पाहत राहिला. इतक्या सावकाश चालणारा हात त्याला कुणी शिकवला नव्हता.

"तुझ्या बापानं माझ्या बापाची दाढी कधी केली नाही," आजारी माणूस अडखळत म्हणाला.

"नाही केली. मीही शिवेपर्यंत येऊन परत फिरायचो. वाईट केलं आम्ही."

त्या दिवसापासून सलूनच्या सुट्टीच्या दिवशी आजा आणि नातू अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊ लागले. कुठली आळी, कुठली वस्ती, हे कुणी विचारत नाही. आणि खुर्चीत बसणाऱ्याला नातू आता आधी नाव विचारतो, घरची खुशाली विचारतो.

तात्पर्य: जुन्या धंद्यात माया होती, पण ती सगळ्यांच्या दारी पोहोचत नव्हती. नव्या धंद्याचं दार सगळ्यांना उघडं आहे, पण आत ओळख नाही. जुन्यातला जिव्हाळा घ्यावा, त्यातला भेद टाकावा; नव्यातली समता आणि स्वच्छता घ्यावी, त्यातला परकेपणा टाकावा. असं निवडून घेणाऱ्याचाच धंदा सेवा ठरतो.